सिंहगडचं पोस्टर: चित्र नंतर बघा, आधी मजकूर वाचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कराडच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत तुम्हाला दोन कागद सापडले. एक मोठं रंगीत पोस्टर, मागून कापड लावलेलं, खालची पट्टी कापलेली, वर 'सिंहगड' असं ठळक नाव. दुसरं गुलाबी कागदाचं हँडबिल, घडी घातलेलं. तिसरं पोस्टर तुमच्या भावानं तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवरून '१९२३ चं मूळ पोस्टर' म्हणून विकत घेतलं. मुंबईचा एक व्यापारी मोठं पोस्टर रोखीनं उचलायला तयार आहे. तुमचे प्रश्न चार: यातलं १९२३ चं कोणतं, किंमत काय, लॅमिनेशन करावं का, आणि हँडबिलाच्या मागचं पेन्सिलीचं लिखाण खोडावं का.

लॅमिनेशन करू नका आणि काहीही खोडू नका. एवढं आज ऐका, बाकीचं सावकाश वाचा.

मी सांगलीत गावभागात राहतो. जुने कागद दुरुस्त करणं हा माझा तीसेक वर्षांचा धंदा. वह्या, दस्त, नकाशे, कुंडल्या, आणि त्यातच सिनेमाचे कागद. पोस्टरांचा नाद मला लागला तो रद्दीच्या दुकानात, किलोवर विकायला काढलेल्या गाण्यांच्या चोपड्या बघून. कोल्हापूर इथून पन्नासेक किलोमीटर, त्यामुळे सिनेमाचा कागद या भागात पूर्वी भरपूर फिरला. आता कमी झालाय, आणि जो मिळतो त्यात नकली माल बराच असतो.

'सिंहगड' या नावाचा घोळ समजून घेतला की तुमचे निम्मे प्रश्न सुटतील. हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी १९०३ ची. तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला, त्या प्रसंगावर ती उभी आहे. त्यातल्या कमलकुमारी या पात्राचं कथानक मात्र कादंबरीचं, इतिहासाचं नव्हे. या कादंबरीवरून कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२३ साली 'सिंहगड' काढला. त्यात स्वतः बाबूराव शिवाजी महाराज झाले होते आणि शेलारमामाच्या भूमिकेत होता कंपनीतला एक तरुण नोकर, शांताराम वणकुद्रे. तोच पुढे व्ही. शांताराम झाला, आणि दहा वर्षांनी, १९३३ साली, त्यानंच प्रभात फिल्म कंपनीसाठी याच कादंबरीवर पुन्हा 'सिंहगड' दिग्दर्शित केला. पहिला मुका, दुसरा बोलता. नाव एक, कादंबरी एक, आणि शेलारमामा झालेला पोरगाच दुसऱ्याचा दिग्दर्शक. पोस्टरवर नुसतं 'सिंहगड' दिसलं की लोक सोयीचं साल धरतात, आणि सोयीचं साल नेहमी १९२३ च असतं, कारण पैसे त्याला जास्त.

पहिल्या सिंहगडाबद्दल दोन गोष्टी जुने लोक हटकून सांगतात. रात्रीचे प्रसंग कृत्रिम उजेडात चित्रित करण्याचं धाडस आपल्याकडे यात पहिल्यांदा झालं, ही एक. मुंबईत त्याला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर सुचला, ही दुसरी. दुसरी गोष्ट मी दंतकथा म्हणूनच ऐकतो, पण मुंबई इलाख्यात तो कर त्याच साली आला हे खरं.

बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. नाटकाचा पडदा म्हणजे वीस-पंचवीस फुटांवरून बघायची चीज. त्यात बारकाव्यापेक्षा मोठा आकार, रंगाचा सपाट भार आणि एकच ठसठशीत प्रसंग महत्त्वाचा. हाच हात पुढे पोस्टरात उतरला. 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्रपटाचं त्यांचं पोस्टर आज भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. म्हणजे १९२३ चं अस्सल पोस्टर कराडच्या ट्रंकेतून निघालं, तर ती साधी गोष्ट नव्हे. म्हणूनच मी तुमचे फोटो पाहून आधी पाणी प्यायलो आणि मग भिंग घेतलं.

आता भावाच्या पोस्टरपासून सुरू करतो, कारण ते सर्वांत सोपं आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'भव्य ऐतिहासिक मूकपट'. ताई, १९२३ साली कोणीही आपल्या चित्रपटाला मूकपट म्हटलं नसतं. बोलपट आल्यावर जुन्यांना मूकपट हे नाव पडलं. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. ज्या काळात सगळेच चित्रपट मुके, त्या काळात 'आमचा चित्रपट मुका आहे' अशी जाहिरात कोण करेल? वीज यायच्या आधी घराघरात कंदील होते, पण 'बिनविजेचं घर' अशी पाटी कुणी लावत नव्हतं. या एका शब्दावर तो कागद पडतो.

तरी आणखी बघा, कारण हीच तपासणी पुढे उपयोगी पडेल. पोस्टरवर 'बाबूराव पेंटर यांचा' असा छापलेला मजकूर आहे. त्या काळच्या छपाईत 'यांचा' चालेल, पण खाली 'असे दृश्य पूर्वी कुठेही पाहिले नाही' हे वाक्य आहे, आणि त्यात एकही जादा अनुस्वार नाही. तेव्हा 'कोठेंही पाहिलें नाहीं' असं छापलं असतं. न उच्चारले जाणारे ते अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढले. जुन्या मराठी पोस्टराचं साल ठरवायला यापेक्षा स्वस्त हत्यार नाही. चुकून एखादा अनुस्वार तेव्हाही गळायचा, खिळे जुळवणारा माणूसच तो. पण आख्ख्या मजकुरात एकही नसणं म्हणजे मजकूर नंतर लिहिलेला. शिवाय त्यात व्ही. शांताराम हे नाव बाबूरावांच्या नावाएवढंच मोठं. १९२३ साली ते नाव बघून कोण तिकीट काढणार होतं? नक्कल करणारा आजच्या डोक्यानं विचार करतो आणि तिथंच सापडतो.

शिवाजी महाराजांचा चेहरा बघा. तो आपल्या ओळखीचाच वाटतो ना? सरकारी कचेऱ्यांत लागलेल्या शासनमान्य चित्रासारखाच आहे तो. ते चित्र कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांचं. त्यांचा जन्म १९१८ चा, म्हणजे पहिला सिंहगड आला तेव्हा ते पाच वर्षांचे होते. जी. कांबळे हे स्वतः चित्रपटांची पोस्टरं आणि बॅनर रंगवणारे मोठे कलावंत, तेव्हा त्यांच्या हातचं खरं पोस्टर कुठं मिळालं तर डोक्यावर घेऊन नाचा. पण १९२३ च्या कागदावर त्यांच्या चित्राची छाया पडू शकत नाही.

शेवटी घड्या. फोटोत घडीच्या पांढऱ्या रेघा दिसतात, पण तुम्ही म्हणता कागद हाताला गुळगुळीत लागतो. म्हणजे रेघा छापलेल्या आहेत. खऱ्या घडीवर शाई उडते, धागे वर येतात, बोट अडतं. भावाला सांगा, फ्रेम करून हॉलमध्ये लावावं. चित्र वाईट नाही.

अमेरिकन पोस्टर गोळा करणाऱ्यांचं मला कधीकधी वाईट वाटतं, कधी हेवा. तिकडेही जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर एकामागून एक चित्रपट झाले. 'बेन हर' ही कादंबरी १८८० ची, तिच्यावरचे चित्रपट १९०७, १९२५, १९५९ आणि २०१६ चे. नावाचा घोळ तिथंही तोच. पण तिकडे १९४० पासून बरीच वर्षं पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात सालाचे शेवटचे आकडे छापायची पद्धत होती, आणि चित्रपट पुन्हा लागला की आकड्याआधी 'आर' यायचा. १९५९ चा बेन हर १९६९ ला पुन्हा लावला, त्या पोस्टरवर 'आर ६९'. झालं काम. आपल्याकडे असला कोपरा नाही. आपल्याला मजकूरच वाचावा लागतो, आणि मजकूर कापलेला असेल तर कागद.

तुमच्या मोठ्या पोस्टराचं नेमकं तेच झालंय. खालची पट्टी कापली, म्हणजे छापखान्याचं नाव गेलं. ती कुणी मुद्दाम कापली असं समजू नका. भिंतीवर किंवा चौकटीत मावेना म्हणून लोक पोस्टर कापायचे, आजही कापतात. डावीकडे खाली कापलेल्या कडेला 'संगी' एवढी अक्षरं उरलीत. तुम्हाला ते 'संगीन' वाटलं, लढाईचं चित्र आहे म्हणून. मला ते 'संगीत' वाटतं. त्याच ओळीत पुढे 'ध्व' दिसतोय, तो 'ध्वनि'चा असणार. श्रेयनामावलीत संगीत आणि ध्वनी एकत्र असतील तर चित्रपट बोलका. म्हणजे १९२३ गेलं. वाईट वाटून घेऊ नका. १९३३ चा प्रभातचा कागदही रोज रोज सापडत नाही.

आता हे १९३३ च्या सुमाराचंच की नंतर कधी पुन्हा छापलेलं, हे तुम्हाला घरीच बरंचसं कळेल. दोन वस्तू लागतील. एक, दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजीकडे असतं तसं. दुसरी, नोटा तपासायची निळी अतिनील टॉर्च, शक्यतो ३६५ नॅनोमीटरची.

भिंगानं रंगाच्या सपाट भागात बघा, आकाश किंवा तटबंदी असेल तिथं. शिळाछापात, म्हणजे दगडावरून काढलेल्या छपाईत, रंग खरबरीत दिसतो, खडूनं दगडावर ओढल्यासारखे अनियमित कण. नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची शिस्तशीर फुलं दिसतात, चार रंगांच्या ठिपक्यांची गोल नक्षी. इंकजेटवर नुसता फवारा. तुमच्या फोटोंवरून मला शिळाछापाचे कण वाटतात, पण फोटोवरून शपथ घेणार नाही.

टॉर्चची परीक्षा अंधाऱ्या खोलीत करा. शेजारी आजचा झेरॉक्सचा कागद ठेवा. तो निळसर पांढरा पेटल्यासारखा चमकेल, कारण आताच्या कागदात उजळपणासाठी रसायन घालतात. कागदात ते साधारण १९५० च्या आसपास सुरू झालं. १९३३ चा कागद टॉर्चखाली मळकट, पिवळसर, मंद दिसला पाहिजे. एक सावधगिरी: मागचं कापड चमकलं तर घाबरू नका. कापड आजीनं धुतलेल्या जुन्या धोतराचं असेल आणि त्याला कधी टिनोपॉल, म्हणजे कपडे उजळवायची पावडर, लागलं असेल, तर तेही चमकतं. मी एकदा याच कारणानं एका चांगल्या पोस्टराला नकली ठरवलं होतं, आणि मालकानं ते पुढच्या आठवड्यात विकून टाकलं. विकत घेणाऱ्यानं मला नंतर दाखवलं तेव्हा मी कागद आणि कापड वेगळं करून तपासलं. कागद शांत, कापड झगझगीत. तेव्हापासून मी चमक कुठून येते ते कडेला भिंग लावून बघतो, मगच तोंड उघडतो.

कागदाचा पत्ता बघून साल ठरवायचा मोह मात्र आवरा. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्येच पुण्याला गेली. म्हणजे सिंहगडचं साल आणि कंपनीच्या स्थलांतराचं साल एकच. पत्ता कोल्हापूरचा असो की पुण्याचा, त्यावरून निकाल लागत नाही. पिनकोड दिसला तर मात्र नक्की १९७२ नंतरचं, कारण पिनकोडच त्या साली आला.

आणखी एक सापळा, नावांचा. त्या काळात चित्रपटाचं जाहीर केलेलं नाव आणि पडद्यावरचं नाव एकच असेलच असं नाही. प्रभातचाच १९३० चा 'उदयकाल' आधी 'स्वराज्याचे तोरण' होता. 'स्वराज्य' हा शब्द इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला चालला नाही, म्हणून नाव बदलावं लागलं. असे कागद हातात आले तर दोन वेगळे चित्रपट समजू नका.

आता कापडाबद्दल. तुमच्या आजोबांच्या काळात पोस्टर टिकावं म्हणून मागे मांजरपाट लावायचे, आणि चिकटवायचे खळीनं. चांगली खळ म्हणजे गव्हाच्या सत्त्वाची. कुरडया करताना गहू भिजवून, वाटून, तळाशी जो चीक बसतो, तोच. गुणानं तो फार चांगला. पाण्यानं सैल होतो, म्हणजे पन्नास वर्षांनीही कापड कागदापासून सोडवता येतं. गडबड होते ती खळीत मोरचूद घातलेलं असेल तर. किडे लागू नयेत म्हणून घालायचे. किडे लागत नाहीत, पण कागद हळूहळू करपतो. मागच्या बाजूला हिरवट झाक दिसते का बघा. दिसली तर कापड काढायचं काम अनुभवी माणसाकडून करून घ्यावं लागेल. स्वतः ओलं कापड लावून सोलायला जाऊ नका. मी सुरुवातीच्या काळात एका दशावताराच्या जाहिरातीचा मत्स्य असाच कापडाबरोबर काढून टाकला. बाकी नऊ अवतार शाबूत राहिले.

लॅमिनेशन का नको, तर ते काढता येत नाही. गरम प्लॅस्टिक कागदाच्या धाग्यांत वितळून बसतं. कागदाच्या आत आम्ल आहे, ते आत कोंडलं जातं, आणि कागद प्लॅस्टिकच्या आत बसून पिवळा, मग तपकिरी, मग कुरकुरीत होतो. गिऱ्हाईकांपैकी एका कुटुंबानं पणजोबांची सनद एका फ्रेमवाल्याकडून अशी 'कायमची पक्की' करून घेतली होती. मी हात जोडले. सेलोटेपचंही तेच. टेप सुटून पडतो पण चिकट तेल कागदात राहतं, तिथं तेलकट तपकिरी पट्टा उमटतो. फेविकॉल तर अजिबात नको. तो घट्ट झाला की पाण्यानं सुटत नाही, आणि ज्या चिकटवणीला परतीची वाट नाही ती कागदाला लावायची नाही.

मग काय करायचं? मोठं पोस्टर सपाट ठेवा. जुन्या पलंगाच्या गादीखाली नाही. दोन बिनआम्लाच्या मोठ्या पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये पातळ बिनआम्लाचा कागद. पुठ्ठा मिळेपर्यंत स्वच्छ धुतलेली सुती चादर चालेल, पण मांड न घातलेली, कारण मांडाला कसर लागते. डांबरगोळी कागदाला टेकेल अशी ठेवू नका. गुंडाळी करायचीच असेल तर जाड, रुंद नळीवर, चित्र बाहेरच्या बाजूला. आत गुंडाळलं की शाईला सुरकुत्या पडतात. भिंतीवर लावणार असाल तर उन्हाच्या समोरच्या भिंतीवर नको. आणि तळमजल्यावर तर बिलकुल नको, पण कराडला कृष्णा-कोयनेचा संगम आहे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

पुराचं निघालंच म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझ्या घराच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं, आणि खालच्या खोलीत गाण्यांच्या चोपड्यांचे दोन गठ्ठे राहिले होते, कारण मला वाटलं २००५ एवढं येईल, त्याहून जास्त काय येणार. पाणी उतरल्यावर गठ्ठे बाहेर काढले तेव्हा विटेसारखे झाले होते. तीन दिवस होऊन गेले होते, बुरशीचा वास येत होता. एक गठ्ठा शेजाऱ्यांच्या पोरांनी मदत म्हणून गच्चीवर उन्हात पसरला. बिचारी मदत करत होती. गुळगुळीत कागदाची पानं उन्हात सुकताना एकमेकांना कायमची चिकटली, आजही ती वीट माझ्या कपाटात आहे. दुसरा गठ्ठा मी ओलाच, मेणकागदात थोडा थोडा गुंडाळून, मिरजेत एका आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवला. तिकडे वीज होती. गोठलं की बुरशी थांबते आणि शाई पसरत नाही, तुम्हाला वेळ मिळतो. मग रोज चार-पाच चोपड्या काढायच्या, टीपकागदात घालायच्या, वर पाट, पाटावर वजन, तासातासाला टीपकागद बदलायचा. दोन महिने लागले. त्या माणसाच्या फ्रीझरमध्ये मावा कुल्फीच्या शेजारी प्रभातच्या तुतारीवाल्या बाईचं चित्र दोन महिने होतं. एकाही चोपडीचं मुखपृष्ठ गेलं नाही.

तेव्हा पावसाळ्याच्या आधी ट्रंक वर न्या.

किमतीबद्दल आकडा मी देणार नाही, आणि फोटो पाहून आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लिलावात ऐकू येणारे मोठे आकडे हातोडा पडला तेव्हाचे असतात की कमिशन धरून, हे बघा. कापलेली पट्टी किंमत बरीच खाली आणते, कारण संग्राहकाला छापखान्याचं नाव हवं असतं. पण व्यापारी तुम्हाला 'कापलेलं आहे, फुकटच समजा' म्हणेल आणि गिऱ्हाईकाला 'दुर्मीळ, कराडच्या वाड्यातलं' म्हणेल. दोन्ही वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून एकाच दिवशी ऐकली आहेत. परदेशात पाठवायचं कुणी सुचवलं तर नकार द्या. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या कागदपत्रांना ७५ वर्षांची आणि कलावस्तूंना १०० वर्षांची मर्यादा आहे. त्यापलीकडची वस्तू खासगी माणसाला परस्पर बाहेर पाठवता येत नाही. विकायचंच नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला निदान कळवा. महाराष्ट्र फिल्म कंपनीचं आणि तिच्या पुढच्या पिढीचं बरंच काम आज पडद्यावर बघायला मिळत नाही, कागदच उरलेत.

शेवटी हँडबिल. तुम्ही त्याला किरकोळ म्हणालात. मला तीनांपैकी तेच सर्वांत आवडलं.

पोस्टरं कंपनीनं मुंबईत किंवा पुण्यात छापून सगळीकडे धाडायची. हँडबिल गावात छापलेलं. तुमच्या फोटोत अक्षरं जरा वरखाली आहेत, 'सिंहगड' मधला 'ह' एका बाजूला कलंडलाय, म्हणजे मोठे लाकडी खिळे जुळवून, गावातल्याच ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर काढलेलं. अशी हँडबिलं बैलगाडीवर, पुढे ताशा वाजवत, रस्त्यात उधळायचे. पोरं मागे धावायची. त्यातलं एक घरी आणून, घडी घालून, ट्रंकेत ठेवणारा माणूस विरळा. म्हणून ती पोस्टरांपेक्षाही कमी टिकली.

त्यावर लिहिलंय 'शनिवार ता. १४ एप्रिल पासून, रोज दोन खेळ', दर आण्यांत, आणि 'प्रभातचा नवा बोलपट'. साल नाही. हँडबिलावर साल कधीच नसतं, उद्याच्या खेळाच्या जाहिरातीत साल कशाला छापतील. पण वार आणि तारीख दोन्ही आहेत. १४ एप्रिल शनिवारी कधी आला? १९२३, १९२८, १९३४, १९४५, १९५१, १९५६. बोलपट म्हटलंय म्हणजे १९२३ आणि १९२८ बाद. आणे १९५७ च्या एप्रिलपर्यंत चालले, म्हणून दरांवरून बाकीचे चार बाद होत नाहीत. 'नवा' हा शब्द १९३४ कडे बोट दाखवतो. पुण्यामुंबईत लागलेला चित्रपट तालुक्याच्या गावी यायला काही महिने जायचेच. पण तंबूत सिनेमा दाखवणाऱ्यांच्या 'नव्या'वर मी फारसा भरवसा ठेवत नाही. त्यांच्याकडे दहा वर्षांचा जुनाही 'नवा' असायचा. १९४५ च्या विरोधात कागदाचा आकार आहे: युद्धात कागदाची टंचाई होती, तेव्हाची माझ्याकडची हँडबिलं तळहाताएवढी आहेत, आणि तुमचं चांगलं वीतभर लांब. म्हणजे १९३४ चा पक्ष जड, पण निकाल लागलेला नाही.

तो लागेल तर मागच्या पेन्सिलीवर. तुम्ही पाठवलेला फोटो मी उजेड तिरपा धरल्यासारखा करून वाचला. आजोबांनी हँडबिलाच्या पाठीवर हिशेब मांडलाय. गूळ, पोहे, शेरभर खोबरं, पाळण्याची दोरी, आणि खाली 'आक्कीचें बारसें'. 'बारसें' वर अनुस्वार आहे हे तुमच्या लक्षात आलं असेलच. सिनेमाची जाहिरात ज्या दिवसांत घरात आली, त्याच दिवसांत ती हिशेबाला वापरली, असं धरायला हरकत नाही. असला कागद कुणी दहा वर्षं कोरा ठेवत नाही.

आक्की म्हणजे तुमच्या आत्या असाव्यात. त्यांचा जन्म १९३४ च्या मार्च-एप्रिलमधला निघाला, तर हे हँडबिल प्रभातचा सिंहगड पहिल्यांदा कराडला आला तेव्हाचं. हयात असतील तर त्यांनाच विचारा, नसतील तर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला त्याच ट्रंकेत असेल. तारीख मिळाली की कळवा. आणि पाळण्याच्या दोरीपुढचा आकडा मला लागत नाहीये, दोन आणे की सहा, तेवढा फोटो जवळून घेऊन पाठवा.